हौशी छायाचित्रकाराची शिदोरी

छायाचित्रणाचा छंद नव्यानें लागलेल्या माणसाच्या तोंडीं पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : कॅमेरा कोणता घ्यावा ? ज्या जाणत्या गृहस्थाकडे तो हा प्रश्न घेऊन जातो तोहि त्याला चार नांवें सुचवितो, दुसऱ्या चारांना नांवें ठेवितो, आणि पाहतां पाहतां गोष्ट मेगापिक्सेलांच्या आंकड्यांवर येऊन थांबते. वास्तविक आधीं विचारावयाचे प्रश्न निराळेच आहेत. जावयाचें कोठें ? पायीं किती चालावें लागणार ? आणि ज्याचें चित्र घ्यावयाचें त्याच्यापासून किती अंतरावर उभें राहणें योग्य ? या तीन प्रश्नांचीं उत्तरें मिळालीं म्हणजे कॅमेऱ्याचा प्रश्न पुष्कळसा आपोआप सुटतो. तीं न मिळवितां जो बाजारांत शिरतो त्याच्या कपाटांत साहित्य वाढत जातें आणि सहली कमी होत जातात. असें कपाट आज मध्यम स्थितींतील पुष्कळ घरांत दिसूं लागलें आहे. त्यांत अडकलेली रक्कमहि लहान नसते. घरांतील दुसऱ्या माणसाला ती तोंडपाठ असते.

हे प्रश्न योग्य क्रमानें विचारणारा एक माणूस छायाचित्रणाच्या इतिहासांत होऊन गेला. ऑस्कर बार्नाक हें त्याचें नांव. हा जर्मन यंत्रकुशल कारागीर १९११ सालीं वेट्झलार येथील लाइट्झ यांच्या सूक्ष्मदर्शकांच्या कारखान्यांत नोकरीस लागला. सुटीच्या दिवशीं रानांतून भटकावें आणि फोटो काढावे हा त्याचा नाद. परंतु त्याला दम्याचा विकार होता. त्या काळचा कांचेच्या प्लेटींचा कॅमेरा, प्लेटी ठेवण्याच्या पेट्या आणि ट्रायपॉड एवढें ओझें घेऊन चढ चढतांना त्याचा जीव घाबरा होई. दुसरा कोणी असता तर त्यानें छंद तरी सोडला असता, नाहीं तर हमाल तरी केला असता. बार्नाकनें कॅमेराच लहान केला. सिनेमासाठीं वापरण्यांत येणारी ३५ मिलिमीटर रुंदीची फिल्म त्यानें उभी न चालवितां आडवी चालविली, सिनेमाच्या दोन चौकटींएवढी, म्हणजे २४ × ३६ मिलिमीटरांची, एक चौकट धरली, आणि १९१४ च्या सुमारास हातांत सहज राहील असा नमुना तयार केला. १९२० सालीं वेट्झलार गांवांत पुराचें पाणी शिरलें तेव्हां त्यानें या नमुन्यानेंच पुराचीं चित्रें घेतलीं. पुढें १९२५ सालीं हा कॅमेरा ‘लाइका’ या नांवानें बाजारांत आला.

गंमत अशी कीं, ज्या चौकटीला त्या काळीं लोक ‘मिनिएचर’ म्हणजे चिमुकली म्हणत, तीच आज डिजिटल कॅमेऱ्यांच्या बाजारांत ‘फुल फ्रेम’ म्हणून मिरवते, आणि वजनाच्या व किंमतीच्या बाबतींत तीच आतां भारी समजली जाते. दमेकऱ्याच्या सोयीसाठीं निघालेली चौकट आज धडधाकटाचा खांदा दुखविते !

बार्नाकच्या आधींची स्थिति तर याहून बिकट होती. मुंबईंत फोटोग्राफिक सोसायटी १८५४ सालींच स्थापन झाली. डॉक्टर भाऊ दाजी लाड यांचे बंधु डॉक्टर नारायण दाजी हे तिच्या कुशल सभासदांपैकीं एक. त्या वेळच्या ओल्या कोलोडियनच्या रीतींत कांचेवर जागच्या जागीं रसायन चढवावें, ती ओली आहे तोंच कॅमेऱ्यांत घालावी, आणि वाळण्यापूर्वीं धुऊनहि घ्यावी, असा सारा दहा-पंधरा मिनिटांचा घाईचा मामला असे. म्हणजे अंधारकोठडीचा तंबू, बाटल्या, पाणी आणि कांचा हीं सहलीला बरोबर आलींच. १८६० नंतरच्या दशकांत सॅम्युएल बोर्न हिमालयांत चित्रें घेण्यास गेला तो हमालांचा तांडा घेऊनच गेला. १८८८ सालीं ईस्टमनचा कोडॅक निघाला आणि १९०० सालीं एक डॉलर किंमतीचा ब्राउनी आला. तेव्हां कोठें सामान्य माणसाच्या हातीं कॅमेरा पडला. असो. ओझ्याची कथा लांबवावयाची नाहीं. एवढेंच लक्षांत घ्यावयाचें कीं, या छंदांतील प्रत्येक मोठी सुधारणा कोणाच्या तरी खांद्यावरचें ओझें उतरविण्यासाठीं झाली आहे.

आजच्या काळीं तें ओझें उरलेंच नाहीं असा एक समज आहे. कॅमेऱ्यापुरता तो बराचसा खरा आहे. आंतील आरसा काढून टाकलेले ‘मिररलेस’ कॅमेरे २००८ पासून बाजारांत आले, आणि त्यांतील सोनी ए ६४०० सारखा कॅमेरा लेन्स सोडून सुमारें ४०० ग्रॅम भरतो. परंतु लेन्सवर हुकमत चालते ती प्रकाशशास्त्राच्या नियमांची, जाहिरातींची नव्हे. दूरच्या वस्तूचें मोठें आणि उजळ चित्र हवें असेल तर कांच मोठी लागते, आणि मोठी कांच जड असावयाचीच. सोनीचीच २०० ते ६०० मिलिमीटरांची लेन्स दोन किलोंहून जास्त भरते. कॅननची ६०० मिलिमीटरांची एफ ४ ही लेन्स आतांच्या सुधारलेल्या रूपांतहि तीन किलोंच्या वर आहे. उलट त्याच कंपनीची १०० ते ४०० मिलिमीटरांची एक साधी लेन्स अवघी ६३५ ग्रॅमांची आहे. ती उजेड कमी घेते, एवढाच तिचा उणेपणा. दुकानाच्या काउंटरवर या आंकड्यांचा अर्थ कळत नाहीं, कारण तेथें कोणतीहि लेन्स दोन मिनिटांपेक्षां जास्त वेळ कोणी हातांत धरीत नाहीं. हा अर्थ कळण्यासाठीं सहलीलाच जावें लागतें.

पुण्याच्या हौशी छायाचित्रकाराची हिवाळ्यांतील ठरलेली सहल म्हणजे भिगवण. भीमा नदीवरील उजनीचें धरण १९८० सालीं पुरें झालें, आणि सोलापूरच्या रस्त्यावर पुण्यापासून सुमारें १०० किलोमीटरांवर तिचें पाणी उथळ होऊन पसरलें. या पाण्याखालीं कित्येक गांवें गेलीं; पळसदेवच्या जुन्या देवळाचें शिखर पाणी ओसरलें म्हणजे आजहि वर येतें. जानेवारीनंतर पाणी जसजसें मागें हटतें तसतसा चिखल उघडा पडतो, आणि त्या चिखलांत चरण्यासाठीं रोहित पक्षी येतात. अग्निपंख हें त्यांचें दुसरें नांव, आणि तें कां पडलें हें त्यांचा थवा पंख पसरून एकदम उठला म्हणजे डोळ्यांना कळतें. त्यांच्याखेरीज हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब, चक्रवाक, मोरशराटी, चित्रबलाक, मासे पकडणारा कैकर, कुरव अशी पक्ष्यांची मोठी जत्रा तेथें भरते. कुंभारगांव, डिकसळ या गांवांचे मच्छीमार पाहुण्यांना आपल्या होडींत बसवून पहांटेच पाण्यावर नेतात.

होडींत बसल्याबरोबर नवशिक्याच्या पहिल्या दोन कल्पना गळून पडतात. पहिली ट्रायपॉडची. हलत्या होडींत ट्रायपॉडचा कांहीं उपयोग नाहीं. उलट त्याचे तीन पाय दुसऱ्या माणसांच्या पायांत येतात. दुसरी कल्पना, लेन्स जितकी मोठी तितकी बरी ही. दोन-सव्वादोन किलोंची लेन्स तीन तास हातांत तोलून धरावयाची म्हणजे पहिल्या तासांत उत्साह, दुसऱ्यांत हाताला कंप, आणि तिसऱ्यांत ज्या क्षणासाठीं इतकें केलें त्या क्षणीं लेन्स मांडीवर, असें पुष्कळांचें होतें. लेन्सच्या आंत कंप शोषून घेणारी योजना असते खरी. पण ती हाताचा कंप शोषते, पक्ष्याची गति थांबवीत नाहीं. उडता पक्षी ठसठशीत यावयाचा तर शटर सेकंदाच्या १/१६०० किंवा १/२००० भागापुरतेंच उघडावें लागतें. सकाळीं सातच्या कोवळ्या उजेडांत एवढा वेग धरावयाचा म्हणजे कॅमेऱ्याची आय. एस. ओ. संवेदनशीलता वाढवावी लागते, आणि चित्रांत थोडी कणकण येते. ही कणकण पाहून कित्येक जण कष्टी होतात. त्यांनीं कष्टी होऊं नये. दाणेदार पण ठसठशीत पक्षी हा स्वच्छ पण पुसट पक्ष्यापेक्षां केव्हांहि बरा.

येथें एक हिशेब ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. बार्नाकच्या चौकटीहून लहान, सुमारें २४ × १६ मिलिमीटरांचा सेन्सर ज्या कॅमेऱ्यांत असतो, त्यावर ३०० मिलिमीटरांची लेन्स लाविली तर फुल फ्रेमवर ४५० मिलिमीटरांच्या लेन्सनें जेवढा देखावा दिसेल तेवढाच दिसतो. म्हणजे पक्ष्यांची हौस असलेल्या माणसाला लहान सेन्सर हा गरिबीचा तोडगा नसून बऱ्याच अंशीं सोयीचा मार्ग आहे. वजन कमी, किंमत कमी, पल्ला जास्त. अगदीं मंद उजेडांत फुल फ्रेम सरस ठरते हें खरें. परंतु भिगवणला अगदीं मंद उजेड अर्धा तास असतो आणि परतीचा प्रवास दोन तासांचा.

पण भिगवणला खरा प्रश्न वजनाचा नाहीं, अंतराचा आहे. रोहित पक्षी चोंच उलटी करून पाण्यांतून बारीक खाद्य गाळून घेत असतो. होडी जवळ येऊं लागली म्हणजे प्रथम तो चरणें थांबवितो. मग मान उंच करतो. मग थवा एका बाजूला चालूं लागतो. आणि मग उडतो. ज्याला पक्षी वाचतां येतो तो माना उंचावल्याबरोबर होडी थांबवावयास सांगतो. ज्याच्याजवळ लेन्स तोकडी आणि उतावीळ मोठी, तो होडीवाल्याला म्हणत असतो, “दादा, अजून जरा जवळ घ्या ना !” आणि थवा उडावा, आकाश गुलाबी व्हावें, म्हणून कोणी कोणी मुद्दाम होडी थव्यांत घालावयास लावतात. होडीवाल्याची मोठी पंचाईत होते. पाहुणा खूष झाला तर तो दुसरे चार पाहुणे धाडणार. आणि पक्षी बुजले तर पुढल्या साली पाहुणा कोणासाठीं येणार? असला एक फोटो मिळविण्यासाठीं जो थवा उडविला जातो, त्याचा चरण्याचा वेळ बुडतो आणि अंगांतील साठा खर्च होतो. एका सकाळीं अशा दहा होड्या आल्या तर काय होत असेल याचा हिशेब करावयास गणिती नको.

तेव्हां लांब पल्ल्याच्या लेन्सकडे चैनीची वस्तु म्हणून न पाहतां अदबीचें साधन म्हणून पाहावें. ३०० मिलिमीटरांच्या लेन्सनें ५० पावलांवरून जेवढा पक्षी दिसतो तेवढाच ६०० च्या लेन्सनें १०० पावलांवरून दिसतो. म्हणजे ती लेन्स पक्ष्याला पन्नास पावलांची मोकळीक देते. आणि ज्याला ती परवडत नाहीं त्यानें काय करावें ? त्यानें जवळ जाऊं नये, पक्षी लहान येऊं द्यावा. धुक्यांत बुडालेलें पाणी, जाळें फेकणारा कोळी, लांबवर रोहितांची एक पुसट ओळ, असें चित्र ५५ मिलिमीटरांच्या साध्या लेन्सनेंहि निघतें, आणि भिगवण म्हणजे काय हें त्यांत अधिक कळतें. नुसता चौकटभर पक्षी, मागें कांहींच नाहीं, असलीं चित्रें आतां इतकीं झालीं आहेत कीं, तो पक्षी भिगवणचा कीं कच्छचा हें सांगतां येत नाहीं. घरट्यांवरील चित्रांचा मोह तर साफ सोडावा. लांब लेन्सा दुर्मिळ होत्या त्या काळीं घरट्याजवळ आडोसा उभारून तासन् तास बसण्याची रीत होती. आज ती गरज उरलेली नाहीं आणि घरटें उघडें पडल्याची किंमत पिल्लें भरतात.

डोंगरी किल्ल्यांच्या सहलींत प्रश्न उलटा. तेथें विषय हलत नाहीं, माणूस हलतो. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, आणि उन्हाळ्यांत हरिश्चंद्रगड किंवा कळसूबाई चढणाऱ्याला तीन लिटरांची आवश्यकता असते. पिशवींतील प्रत्येक जास्तीची लेन्स ही पाण्याच्या जागीं बसते, हें चढावर पोहोंचल्यावर सुचण्यापेक्षां घरीं सुचलेलें बरें. कॅमेऱ्याबरोबर मिळते ती १८ ते ५५ मिलिमीटरांची लेन्स, जिला जाणते लोक ‘किट लेन्स’ म्हणून नाक मुरडतात, ती दुपारच्या स्वच्छ उजेडांत फारशी कमी पडत नाहीं. आणि ती हाताशीं असली पाहिजे. कोंकणकड्यावर पावसाळ्याच्या दिवसांत मागून सूर्य आणि समोर दरींत धुकें अशी जुळणी झाली, तर धुक्यावर पडलेल्या आपल्याच सावलीभोंवतीं वाटोळें इंद्रधनुष्य उमटतें. त्याला इंद्रवज्र म्हणतात. तें पिशवी उघडून, लेन्स बदलून होईपर्यंत वाट पाहत नाहीं.

कासच्या पठाराबद्दल थोडक्यांत सांगतां येईल. पश्चिम घाटाच्या ज्या स्थळांना २०१२ सालीं जागतिक वारशाचा मान मिळाला त्यांत कास आहे. तेथील सीतेचीं आसवें, गेंद, तेरडा हीं फुलें बोटाच्या पेराएवढीं. त्यांच्यासाठीं खास मॅक्रो लेन्स असली तर उत्तम. नसली तर लेन्स आणि कॅमेरा यांच्यामध्यें बसविण्याची पोकळ नळी थोडक्या पैशांत मिळते आणि नेहमींच्या लेन्सनेंच बरेंच जवळचें चित्र घेतां येतें. मात्र एका फुलासाठीं गालिच्यावर आडवें होणारे लोक शंभर फुलें अंगाखालीं घेतात. ज्याला आडवेंच व्हावयाचें आहे त्यानें वाटेवर व्हावें.

काजव्यांची सहल ही अलीकडील दहा-पंधरा वर्षांत फार वाढली. मे अखेरपासून जोराचा पाऊस लागेपर्यंत भंडारदरा, पुरुषवाडी, राजमाची या बाजूला झाडेंच्या झाडें लुकलुकूं लागतात. येथें मात्र ट्रायपॉडवांचून गत्यंतर नाहीं, आणि लेन्स एफ १.८ किंवा २.८ अशी उजळ असावी. शटर पंधरा ते तीस सेकंद उघडें ठेवून एकाच जागेवरून अनेक चित्रें घ्यावयाचीं आणि घरीं येऊन तीं संगणकावर एकावर एक बसवावयाचीं, अशी ही रीत आहे. मासिकांतून आणि भिंतींवरून दिसणारीं हजारों ठिपक्यांचीं चित्रें अशीच झालेलीं असतात. त्यांत लबाडी नाहीं; पण तें कित्येक मिनिटांच्या उजेडाची बेरीज आहे, एका क्षणाचें दर्शन नव्हे, हें पाहणाऱ्याला सांगावयास हवें. तें न सांगितल्यामुळें मुलेंबाळें घेऊन गेलेलीं कुटुंबें प्रत्यक्ष झाड पाहून हिरमुसलीं होतात. वास्तविक प्रत्यक्षांत जी गोष्ट दिसते ती चित्रांत येतच नाहीं : सारें झाड एका लयींत उजळतें आणि विझतें.

काजव्याचा उजेड हा नर-मादीचा संकेत आहे. नर लुकलुकतो, मादी आपल्या जागेवरून उत्तर देते. त्या अंधारांत मोटारीचे दिवे, विजेऱ्या, मोबाइलचे उजेड शिरले म्हणजे हा संकेत पुसला जातो. काजव्यांच्या अळ्या जमिनीच्या ओलींत राहून गोगलगायींवर जगतात. वाट सोडून झाडाखालीं गेलेला मनुष्य पुढल्या वर्षींचे काजवे पायाखालीं घेत असतो. म्हणून या सहलीची तयारी सूर्यास्तापूर्वीं पुरी झाली पाहिजे. दिसत आहे तोंच झाडावर फोकस नेमका करून ठेवावा, कॅमेऱ्याच्या अंगावर लुकलुकणारा तांबडा दिवा काळ्या चिकटपट्टीनें झांकावा, मागचा पडदा बंद करावा, कोणतें बटण कोठें आहे हें बोटांना पाठ असावें. ज्याला आपला कॅमेरा अंधारांत डोळे मिटून चालवितां येत नाहीं, त्यानें त्या रात्रीं फक्त पाहावें.

याच सुमारास, ज्येष्ठ वद्यांत, आळंदी आणि देहूहून पालख्या निघतात, आणि हौशी छायाचित्रकारांचा मोर्चा वारीकडे वळतो. येथें भिगवणचें शास्त्र बरोबर उलटें होतें. मनुष्य हा पक्षी नव्हे. रस्त्याच्या कडेला उंचावर उभें राहून लांब लेन्सनें एखाद्या दमलेल्या म्हातारीचा चेहरा टिपणें हें वारींतील सर्वांत सोपें आणि सर्वांत कमी किंमतीचें काम आहे. दिवे घाटाची चढण, वळणावळणानें वर सरकणारा पताकांचा ओघ, हें दृश्य दुरून घ्यावें, कारण तें दुरूनच दिसतें. पण माणसाचें चित्र घ्यावयाचें तर त्याच्या शेजारून चालावें. निदान दोन कोस. त्यासाठीं कॅमेरा लहान हवा, लेन्स एकच हवी, ३५ किंवा ५० मिलिमीटरांची. कॅननची ५० मिलिमीटर एफ १.८ ही १६० ग्रॅमांची लेन्स किंमतीनेंहि हलकी आहे आणि पुष्कळांच्या हातून सर्वांत चांगलीं चित्रें तिनेंच निघतात. छाती भरून लेन्सा लटकविलेला माणूस पाहिला कीं वारकरी त्याला वाट करून देतात, म्हणजेच त्याच्यापासून दूर होतात. हातांत छोटा कॅमेरा असलेल्याला ते आपल्यांत घेतात, भाकरी देतात, कोठून आलांत म्हणून विचारतात.

“माउली, एक फोटो काढूं का ?” हा प्रश्न विचारण्यास दोन सेकंद लागतात. “काढा कीं माउली,” असेंच उत्तर बहुधा मिळतें. कधीं नकारहि मिळतो, आणि तो ऐकावा. विचारल्यावर चेहऱ्यावरचा सहज भाव जातो अशी तक्रार पुष्कळ छायाचित्रकार करतात. जातो हें खरें. पण शेजारून चालत राहिलें म्हणजे पांच मिनिटांनीं तो परत येतो, आणि त्या वेळीं घेतलेल्या चित्रांत तो माणूस आपल्या ओळखीचा असतो. दुसरें म्हणजे, “घरीं फोटो पाठवितों,” हें वचन तोंडावर येतें तितक्या सहज पाळलें जात नाहीं. वारीच्या खर्चांत पन्नास प्रतींच्या छपाईचा आणि टपालाचा खर्च आधींच धरावा. एखाद्या फिल्टरपेक्षां तो जास्त होत नाहीं.

आतां खरेदीसंबंधीं. ज्याला वरील सगळ्याच सहलींची हौस आहे त्यानें सगळ्याच लेन्सा घ्याव्या काय ? मुळींच नाहीं. पहिलें वर्षभर कॅमेऱ्याबरोबर आलेल्या एकाच लेन्सवर काढावें. डिजिटल कॅमेरा प्रत्येक चित्राबरोबर तें किती मिलिमीटरांवर, किती वेगानें, किती छिद्रानें घेतलें हें गुपचूप लिहून ठेवीत असतो. वर्षाच्या शेवटीं आपल्याला आवडलेलीं शंभर चित्रें निवडावीं आणि तो जमाखर्च उघडून पाहावा. साठ चित्रें ५५ मिलिमीटरांवर, म्हणजे लेन्सच्या शेवटच्या टोकाला घेतलेलीं निघालीं, तर त्या माणसाची नजर दूरची आहे. त्यानें लांब लेन्सचा विचार करावा. साठ चित्रें १८ वर निघालीं तर त्याला विस्तृत देखावा हवा आहे. आणि बहुतेक चित्रें संध्याकाळीं घरांत, मुलांचीं निघालीं, तर त्याला काजवे आणि रोहित या दोहोंची गरज नसून एक उजळ ५० मिलिमीटर पुरेशी आहे. हा हिशेब कोणत्याहि विक्रेत्याच्या सल्ल्यापेक्षां खरा, कारण तो त्याचा स्वतःचा आहे. वर्षांतून दोनदां लागणारी लांब लेन्स विकत घेण्याचें तर कारणच नाहीं. मुंबई-पुण्यास ती दिवसाच्या भाड्यानें मिळते.

जुन्या मालाची लाज बाळगूं नये. मुंबईंत कोटांतील बोरा बाजार कॅमेऱ्यांच्या दुकानांसाठीं प्रसिद्ध आहे, आणि चांगली लेन्स चार कॅमेऱ्यांचें आयुष्य पुरते. जुनी लेन्स घेतांना ती उजेडाकडे धरून, एका बाजूनें विजेरी दाखवून, आंत पाहावें. चार धुळीचे कण दिसले तर हरकत नाहीं. कोळ्याच्या जाळ्यासारखे पांढुरके तंतु दिसले तर मुकाट्यानें खालीं ठेवावी. ती बुरशी होय. ती साफ करण्याचा खर्च पुष्कळदां लेन्सच्या किंमतीच्या जवळ जातो, आणि कांचेवरील लेप एकदां खाल्ला गेला कीं तो परत येत नाहीं.

हीच बुरशी मुंबई आणि कोंकण येथील घरांत नव्या लेन्सलाहि चार महिन्यांत धरते. पावसाळ्याच्या दिवसांत कॅमेरा चामड्याच्या पेटींत कधीं ठेवूं नये. चामडें ओल धरून ठेवतें. विजेवर चालणारें कोरडें कपाट ज्याला परवडतें त्यानें घ्यावें. ज्याला तें परवडत नाहीं त्याला घट्ट झांकणाचा पारदर्शक डबा, त्यांत सिलिका जेलच्या पुड्या आणि आर्द्रता दाखविणारें एक लहानसें घड्याळ एवढें पुरे. कांटा चाळीस ते पन्नास टक्क्यांच्या मध्यें राहिला म्हणजे झालें. त्याहून फार खालीं नेलें तर रबराचे भाग कडक होतात. पुड्यांचे दाणे रंग बदलूं लागले कीं मंद आंचेवर तापवून पुन्हां वापरतां येतात. पंधरा दिवसांतून एकदां सारें साहित्य बाहेर काढून कोरड्या हवेंत तासभर ठेवावें, लेन्स दोन्ही टोकांपर्यंत फिरवावी, शटर पांच-पंचवीस वेळां चालवावें. डबा मात्र डाळी-साळींसाठीं आणलेल्या डब्यांतूनच निवडावा लागतो, आणि त्यासाठीं स्वयंपाकघराची परवानगी आधीं घ्यावी लागते.